नाइन इंच नेल्स पहिल्यांदा ऐकताय? मग या क्रमाने ऐका

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी मला विचारतं की ते तुझं नाइन इंच नेल्स का काय ते आहे ना त्याची चार चांगली गाणी सांग, मग मी उत्साहात नावं पाठवते आणि दोन दिवसांनी उत्तर येतं, "अगं डोकं उठलं". त्यांची काही चूक नाही, चूक माझी आहे. या बँडच्या बाबतीत नुसती नावं देऊन भागत नाही, क्रम सांगावा लागतो आणि कुठल्या गाण्यात कान कुठे लावायचा तेही सांगावं लागतं. म्हणून एकदाच सगळं बसून लिहितेय.

ओळख पटकन उरकते. नाव बँडचं असलं तरी २०१६ पर्यंत त्यात अधिकृत मेंबर एकच होता, ट्रेंट रेझ्नर. त्या वर्षी ॲटिकस रॉस आला. स्टेजवर वाजवणारे लोक वेगळे, ते बदलत राहतात. रेझ्नर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात मर्सर नावाच्या छोट्या गावात आजी-आजोबांकडे वाढला, लहानपणापासून पियानो शिकला (हे लक्षात ठेवा, सारखं लागणार आहे), मग क्लीव्हलंडला एका स्टुडिओत झाडलोटीसकट पडेल ते काम करायचा आणि रात्री स्टुडिओ रिकामा झाला की मालकाच्या परवानगीने स्वतःची गाणी रेकॉर्ड करायचा. १९८८ ला नाइन इंच नेल्स सुरू झालं, १९८९ ला पहिला अल्बम आला.

हे गॉथ आहे की इंडस्ट्रियल यावर लोक तासन् तास भांडतात. ढोबळमानाने इंडस्ट्रियल म्हणजे मशीनचे, पत्र्याचे, बिघडलेल्या यंत्रांचे आवाज घेऊन केलेलं संगीत, आणि गॉथ म्हणजे अंधार, देव, देह, मरण वगैरे. रेझ्नरकडे दोन्ही आहे आणि वर गुणगुणता येतील अशा चालीही आहेत, त्यामुळे कट्टर इंडस्ट्रियलवाले त्याला नाक मुरडतात की हा तर पॉप. असू दे की पॉप. चाल आहे म्हणूनच आपण त्या गोंगाटात टिकतो.

आता माझं खरं म्हणणं. इतकी वर्षं ऐकून मला एक गोष्ट कळलीय, की माझी त्याची जेवढी आवडती गाणी आहेत ती सगळी कुठेतरी मोडतात. म्हणजे चाललंय चाललंय आणि एका जागी काहीतरी तुटतं, नाहीतर अचानक उघडतं, नाहीतर सडायला लागतं. ती जागा सापडली की गाणं तुमचं झालं. तिथे पोचायच्या आधीच बंद केलंत तर हातात नुसता गोंगाट राहतो. खालच्या सगळ्या पायऱ्या ती जागा शोधण्यासाठीच आहेत.

सुरू करायच्या आधी

हेडफोन लावा आणि दोन्ही कान चालू आहेत का ते बघा. हसू नका. माझ्या इअरफोनचा उजवा कान मेलेला होता आणि मी तशीच पहिले दोन महिने ऐकत होते, मला वाटायचं की याच्या गाण्यात मधेच वाद्यं गायब होतात, काय भारी आयडिया आहे! वाद्यं दुसऱ्या कानात होती. फोनच्या स्पीकरवर तर लावूच नका, खालचे सगळे थर उडून जातात आणि उरतो तो फक्त किरकिराट. मी एकदा स्पीकरवर लावलं होतं तर ताई दुसऱ्या खोलीतून ओरडली, "शेजारी ड्रिल चालू आहे का गं?"

आवाज मध्यम ठेवा, कारण हा माणूस कुजबुजीतून थेट किंचाळीवर जातो आणि आधी सांगत नाही. शफल बंद. आणि शब्दांबद्दल आधीच सांगते, शिव्या आहेत, सेक्स आहे, देवावर राग आहे, आत्महत्येबद्दलही उघड आहे. मन ठिकाणावर नसेल, फार खाली गेल्यासारखं वाटत असेल तर तिसरी पायरी पुढे ढकला आणि कुणाशी तरी बोला, गाणी कुठे पळून जात नाहीत.

पहिली पायरी: पियानोतून आत शिरा

पहिलं गाणं 'समथिंग आय कॅन नेव्हर हॅव', पहिल्या अल्बममधलं, 'प्रिटी हेट मशीन'. सगळे 'क्लोजर' ने सुरू करायला सांगतात, मी नाही सांगणार. इथे पियानोचे मोजके सूर आहेत आणि एक माणूस अगदी जवळून गातोय, पण मागे लक्ष दिलंत तर वाऱ्यासारखं, लांबच्या कारखान्यासारखं काहीतरी सतत घुमतंय. पहिल्यांदा नुसता आवाज आणि पियानो ऐका. दुसऱ्यांदा पियानो सोडून द्या आणि फक्त मागचं घुमणं ऐका. बस, इंडस्ट्रियल ऐकायला शिकलात. वाद्य सोडून वाद्यांच्या मधला आवाज ऐकायचा, एवढंच ते असतं.

मग त्याच अल्बममधली 'टेरिबल लाय' आणि 'हेड लाइक अ होल'. ही सरळ आहेत, ऐंशीच्या दशकातल्या सिंथची (म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची), नाचता येईल अशी. आवाज आज थोडा जुनाट वाटतो हे मान्य, पण 'हेड लाइक अ होल' चा कोरस अजून कुणालाही उठून उभं करतो.

याच अल्बममधल्या 'डाउन इन इट' चा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. व्हिडिओ शूट करताना कॅमेरा फुग्यांना बांधून वर सोडला होता आणि तो सुटला आणि उडून गेला. मिशिगनमधल्या एका शेतकऱ्याला तो शेतात सापडला, त्याने फिल्म पोलिसांकडे दिली, आणि त्यात रेझ्नर मेल्याचा अभिनय करून जमिनीवर पडलेला होता म्हणून खून झालाय असं समजून एफबीआयपर्यंत तपास गेला. इकडे साहेब जिवंत आणि गाणी करत बसलेले. गाणं मात्र मला ठीकठाकच वाटतं.

दुसरी पायरी: मात्रा मोजा

'मार्च ऑफ द पिग्ज'. तीन मिनिटांच्या आतलं गाणं आहे, १९९४ च्या 'द डाउनवर्ड स्पायरल' मधलं. पहिल्यांदा ऐकलंत की वाटेल नुसती धावपळ आहे आणि मान हलवायला गेलात की चुकताय. चुकणारच, कारण चक्र सरळ नाहीये. सात, सात, सात आणि मग आठ, असं मिळून २९ चं चक्र आहे. बोटांवर मोजायला घ्या: एक ते सात तीनदा, चौथ्यांदा एक ते आठ. वेग फार आहे म्हणून पहिल्या चार-पाच वेळा तोंडाची गाडी घसरेल. मला एक अख्खी संध्याकाळ लागली होती, पण एकदा सम सापडली की तो जो जास्तीचा एक ठोका आहे ना, तो दर वेळी पायरी चुकल्यासारखा पोटात जाणवतो.

आणि मग मोडतं. सगळा धडाका एका क्षणात बंद आणि एकटा पियानो, जवळजवळ लाडीगोडी लावल्यासारखा, वर गोड आवाजात गाणं. मर्सरमधला पियानो शिकलेला मुलगा तो हाच. त्या गोडपणाचीच मला जास्त भीती वाटते.

व्हिडिओपण बघा. पांढरी भिंत, बँड खरंच वाजवतोय, एका टेकमध्ये, रेझ्नर माइक फेकतो आणि एक बिचारा माणूस येऊन परत उचलून ठेवतो, पुन्हा फेकतो, पुन्हा ठेवतो. मी आता गाणं सोडून त्या माइक उचलणाऱ्याकडेच बघते.

तिसरी पायरी: एक अख्खा अल्बम, न थांबता

आता 'द डाउनवर्ड स्पायरल' पूर्ण. १४ गाणी, साधारण ६५ मिनिटं. एक माणूस थराथराने स्वतःला मोडत नेतो अशी गोष्ट आहे, त्यामुळे मधूनच उचललेली गाणी अर्धीच कळतात. हा अल्बम ज्या लॉस एंजेलिसच्या घरात रेकॉर्ड झाला तिथे १९६९ ला शॅरन टेट या नटीचा खून झाला होता आणि लोक हे फार चवीने सांगतात. मला ती चव आवडत नाही. पुढे तिच्या बहिणीला भेटल्यावर खुद्द रेझ्नरलाच त्याची लाज वाटली होती, त्यामुळे आपण गाण्यांकडे वळू.

ऐकताना या जागा धरा. 'पिगी' हळू चालतं, कुजबुजत, बेसवर तरंगत, आणि शेवटी कुणीतरी ड्रमवर वेड्यासारखं तुटून पडतं, तालाशी काही देणंघेणं नसल्यासारखं. तो रेझ्नर स्वतः आहे, माइक नीट लागलेत का ते बघायला वाजवत होता आणि तेच ठेवलं. मला हे कळल्यापासून ते गाणं दुप्पट आवडायला लागलं.

'क्लोजर' चा सुरुवातीचा धपधप ठोका रॉक गायक इगी पॉपच्या 'नाइटक्लबिंग' या गाण्यातून घेतलेला आणि बदललेला आहे. शब्दांमुळे हे गाणं बदनाम झालं आणि लोक पार्टीत लावतात, पण जरा थर मोजा. दर थोड्या वेळाने एक नवा आवाज येऊन बसतो, जुना जात नाही, गर्दी वाढत जाते, आणि शेवटी सगळं कोसळून बेसूर पियानोवर एक छोटी उतरती धून उरते. ती धून तोंडपाठ करा. तीच पुढे अल्बमच्या नावाच्या गाण्यात गिटारवर परत येते, जिथे गोष्टीतला माणूस संपतो. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण ज्यावर लोक नाचतात त्याच गाण्यात शेवट आधीच पेरून ठेवलाय.

मधे 'अ वॉर्म प्लेस' येतं, शब्द नाहीत, गोंगाट नाही. इथे श्वास घ्या. बरेच नवीन लोक हे स्किप करतात, करू नका, याच्याशिवाय पुढचं 'इरेझर' आणि 'रेप्टाइल' नीट लागत नाहीत. 'रेप्टाइल' माझं खास आवडतं, पावणेसात मिनिटांच्या वर आहे, अख्खं गाणं जडशीळ मशीन रांगत चालल्यासारखं.

आणि शेवटी 'हर्ट'. हे तुम्ही बहुतेक अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशच्या आवाजात ऐकलेलं असतं, २००२ चं. ते थोर आहेच, रेझ्नरनेही म्हटलंय की आता हे गाणं माझं राहिलं नाही. कॅशने एका शिवीच्या जागी काट्यांचा मुकुट घातला आणि गाणं एका म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्याचा हिशोब झालं. पण मूळ गाणं वेगळं आहे. तिथे गिटार मुद्दाम टोचणाऱ्या सुरात आहे, मागे सतत हिसहिस आहे, आवाज इतका कमी की तुम्ही नकळत व्हॉल्यूम वाढवता, आणि मग शेवटच्या शब्दावर गिटारची भिंत अंगावर पडते. म्हणून म्हटलं होतं आवाज मध्यम ठेवा. कॅश आधी ऐकलं असेल तर हे ऐकताना तुलना करू नका, दोन माणसं आहेत, एक तिशीच्या आतबाहेरचा आणि एक सत्तरीचा.

चौथी पायरी: जोड्या लावा

'द फ्रॅजाइल', १९९९, दोन डिस्क, २३ गाणी, जवळजवळ पावणेदोन तास. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत एक नंबरला आणि पुढच्या आठवड्यात थेट सोळावर. लोकांना झेपला नाही. मला स्वतःला हा सगळ्यात जास्त आवडतो, पण एका दमात ऐका असं कुणालाच सांगणार नाही.

त्याऐवजी जोड्या लावून ऐका. आधी 'द फ्रेल', दोन मिनिटांच्या आतबाहेरचा पियानोचा तुकडा. लगेच अल्बमच्याच नावाचं गाणं 'द फ्रॅजाइल'. तीच धून, आता शब्द आणि ड्रम घेऊन आलेली. मग 'ला मेर' आणि लगेच 'इंटू द व्हॉइड'. पहिल्यात ती समुद्रासारखी मागेपुढे होणारी धून आहे, एक बाई क्रिओलमध्ये (फ्रेंचवरून आलेल्या बोलीत) काहीतरी हळू सांगते, आणि दुसऱ्यात तीच धून तारांवर टिचक्या मारत येते आणि बघता बघता डान्स फ्लोअरवर पोचते. दोन्ही जोड्या तीन-तीन वेळा ऐका. नंतर अख्खा अल्बम लावलात की तो अनोळखी राहत नाही, आपल्या माणसांचे चेहरे गर्दीत दिसावेत तसं होतं.

जोड्या झाल्या की ही तीन सुटी ऐका. 'द डे द वर्ल्ड वेंट अवे' मध्ये ड्रम अजिबात नाहीत आणि तरी ते सगळ्यात जड वाटतं. 'जस्ट लाइक यू इमॅजिन्ड' मध्ये शब्द नाहीत, पियानो माइक गार्सनचा, जो ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीबरोबर वाजवायचा, '३००' सिनेमाच्या ट्रेलरमुळे तुम्ही ते आधीच ऐकलेलं असायची शक्यता आहे. आणि 'द ग्रेट बिलो', ज्याबद्दल मी काही लिहिणार नाही, रात्री ऐका.

पाचवी पायरी: आता गोंगाट

'ब्रोकन', १९९२. तारखेने हे आधी येतं पण मी मुद्दाम इथे ठेवलंय. मी स्वतः यानेच सुरुवात केली होती आणि नंतर सहा महिने या माणसाच्या वाटेला गेले नव्हते. रेकॉर्ड कंपनीशी भांडण चालू असताना केलेला राग आहे हा. 'विश' ऐका, त्याला मेटलचं ग्रॅमी मिळालं होतं. मग 'हॅपिनेस इन स्लेव्हरी' ची १९९४ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवातली लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका, अख्खा बँड चिखलाने माखलेला होता, त्या रेकॉर्डिंगलाही मेटलचं ग्रॅमी मिळालं. गंमत म्हणजे हा काही मेटल बँड नव्हेच.

जुनी सीडी कधी हातात आली तर सहा गाणी संपल्यावर बंद करू नका. पुढे एकेक सेकंदाचे मुके ट्रॅक आहेत, ते उलटत ९८ आणि ९९ वर गेलात की दोन गाणी लपवलेली आहेत.

सहावी पायरी: नंतरची वर्षं, थोडक्यात

२००५ च्या 'विथ टीथ' मधून 'राइट व्हेअर इट बिलाँग्स' चुकवू नका. सुरुवातीला सगळं दबलेलं, कोंदट, जणू बंद दाराआडून ऐकताय. अर्ध्याच्या बऱ्याच पुढे गर्दीचा आवाज येतो आणि अचानक आवाज स्वच्छ होतो, दार उघडल्यासारखा. चाल तीच, पियानो तोच, फक्त ऐकू येणं बदललं. ही युक्ती मला आजवर दुसऱ्या कुणाकडून इतकी लागलेली नाही.

'इयर झिरो' (२००७) ही भविष्यातल्या हुकूमशाहीची गोष्ट आहे आणि त्याची गाणी आधी कॉन्सर्टच्या ठिकाणी बाथरूममध्ये पेनड्राइव्हवर सोडून ठेवली होती, कल्पना भन्नाट, गाणी मला कोरडी वाटतात. 'घोस्ट्स' (२००८) मध्ये शब्दांशिवाय ३६ तुकडे आहेत, काम करताना लावायला उत्तम. त्यातल्या ३४ व्या तुकड्यातला बँजोसारखा आवाज पुढे रॅपर लिल नास एक्सच्या 'ओल्ड टाउन रोड' मध्ये गेला आणि जगभर वाजला. कुणी म्हणालं की मी नाइन इंच नेल्सचं काही ऐकलेलं नाही, तर हे सांगा.

सातवी पायरी: सडणारं गाणं

ही शेवटी, कारण याला धीर लागतो. 'द बॅकग्राउंड वर्ल्ड', २०१७ च्या 'ॲड व्हायोलन्स' मधलं, पावणेबारा मिनिटांचं. साधारण चार मिनिटांनी गाणं संपल्यासारखं होतं आणि एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा सुरू होतो, ५२ वेळा. तोही नीट जोडलेला नाही, दर वेळी सांध्यावर एक बारीक झटका बसतो. आणि दर फेरीत आवाज किंचित खराब होतो, इतका किंचित की शेजारच्या दोन फेऱ्यांत फरक कळत नाही. शेवटी फक्त खरखर उरते आणि तुमचा मेंदू तरी त्यात ती चाल ऐकत राहतो. करून बघा: दहाव्या फेरीला डोळे मिटा आणि चाल खरंच कधी गेली ते सांगायचा प्रयत्न करा. मला अजून नेमकी जागा सांगता आलेली नाही. माझ्या एका मैत्रिणीने पाचव्या फेरीला विचारलं की नेट अडकलंय का.

स्वतःची यादी करताना

इथवर आलात की तुमची यादी माझ्यापेक्षा वेगळी होणार. दहाच ठेवा, जास्त नको, दहावर आणताना काय कापवत नाही तेच आवडतं असतं. एका अल्बममधून तीनच्या वर घेऊ नका, नाहीतर सगळी यादी 'स्पायरल' चीच होते. एखादं गाणं यादीत घ्यायचं की नाही अडलं तर त्याची 'स्टिल' मधली आवृत्ती आहे का बघा, २००२ चा तो अल्बम म्हणजे काही जुनी गाणी पियानो-गिटारवर शांतपणे पुन्हा केलेली आणि काही नवे तुकडे. गोंगाट काढूनही गाणं उभं राहतं का ते तिथे लगेच कळतं. 'समथिंग आय कॅन नेव्हर हॅव' तिथे मूळपेक्षाही बरं आहे असं माझं मत, शिव्या खायची तयारी आहे.

'द परफेक्ट ड्रग' घ्यायचं की नाही यावर माझं दर वर्षी मत बदलतं. १९९७ चं सुटं गाणं, व्हिडिओ त्याच्या सगळ्या व्हिडिओंत सगळ्यात गॉथ, मधे ड्रमचा असला तुफान तुकडा की त्यासाठीच गाणं ऐकावं. रेझ्नरने २०१८ पर्यंत ते एकदाही स्टेजवर वाजवलं नव्हतं. सध्या यादीत आहे, नवव्या नंबरला.

'हर्ट' कुठेही ठेवा पण त्याच्यानंतर लगेच दुसरं गाणं लावू नका, आणि ॲपमधलं ऑटोप्ले आधी बंद करा. गिटारची भिंत पडल्यावर मागे बराच वेळ एक घरघर उरते आणि हळूहळू विरत जाते, ती गाण्याचाच भाग आहे. माझ्या फोनने एकदा नेमकी ती घरघर संपता संपता कुठलंतरी आनंदी लग्नाचं गाणं सुरू केलं होतं.